हुदहुद नव्हे, सुतार

बारा वर्षं मी वर्गात एक चूक शिकवत होते आणि ती माझ्या लक्षात आणून दिली सातवीतल्या एका मुलीने.

उर्दूच्या तासाला हजरत सुलैमान (अलै.) यांचा किस्सा निघाला की कुणीतरी हमखास विचारायचं, "टीचर, हुदहुद को मराठी में क्या बोलते?" मी मराठीही शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला आवडायचा. मी फळ्यावर लिहून द्यायचे: हुदहुद म्हणजे सुतार पक्षी. माझ्या अम्मीने मला तेच सांगितलं होतं, तिला तिच्या अम्मीने. डोक्यावर तुरा आहे आणि झाडाला चोच मारतोय, म्हणजे हुदहुद, असं आपल्या घराघरांत चालत आलं आहे. बोलण्यातच नव्हे, छापील पुस्तकांतही हा घोळ सापडतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत शाळेच्या मागच्या बाजूने ठकठक ऐकू यायला लागली. तिथे एक शेंडा गेलेला माड उभा होता. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, सोंड्या भुंग्याची अळी आतून गाभा खाते, बाहेर काही दिसत नाही आणि एक दिवस शेंड्याची झापं कलंडतात. आमचा माड असाच दोन वर्षांपूर्वी गेला होता. त्या खोडावर एक देखणा पक्षी चिकटून बसला होता, पाठ सोनेरी पिवळी, डोक्यावर लालभडक तुरा. मी मुलांना खिडकीशी बोलावलं आणि म्हटलं, "बघा, हा हुदहुद."

मागून आवाज आला, "टीचर, ये हुदहुद नहीं है. हुदहुद तो जमीन पे चलता है."

मी तिला जरा तोडूनच बोलले. पुस्तक उघड, बस खाली, असं काहीतरी. पण घरी जाऊन चैन पडेना. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटातून सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक काढलं. १९४१ साली पहिल्यांदा निघालेल्या या पुस्तकाची जुनी प्रत आमच्याकडे आहे, पण मी कधी नीट उघडली नव्हती. मुलगी बरोबर होती. हुदहुदची चोच लांब, बारीक आणि खाली वाकलेली असते. तो मैदानात, गवतात चालत चालत मातीत चोच खुपसून किडे काढतो. अंग बदामी रंगाचं, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, आणि तुरा पंख्यासारखा उघडणारा. तो लाकूड कोरत नाही, आयत्या मिळालेल्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटं करतो. सुताराची चोच सरळ आणि छिन्नीसारखी. दोन पक्षी, दोन वेगळे संसार. त्या मुलीच्या आजोळी हिवाळ्यात हुदहुद अंगणात उतरतो म्हणे. तिने पाहिलेला होता, मी फक्त शिकवलेला होता.

वर्गात मी सगळ्यांसमोर चूक मान्य केली आणि मग ठरलं की या सुताराकडे आता नीट बघायचं.

नीट बघायचं म्हणजे काय, हे आम्हालाही बघता बघताच कळलं. पहिल्या दिवशी वीस मुलं माडाखाली जाऊन उभी राहिली आणि पक्षी दिसेना. तो उडाला नव्हता, खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकला होता. आपण उजवीकडे गेलो की तो डावीकडे. ही त्याची नेहमीची युक्ती आहे, ससाण्यासाठीही तीच आणि आपल्यासाठीही तीच. मग आम्ही पंचवीस पावलांवर आंब्याखाली चटई टाकली. एका वेळी दोनच मुलं, वीस मिनिटं, हालचाल नाही. दुसरी जोडी वर्गाच्या खिडकीत, म्हणजे पलीकडची बाजूही दिसते. वहीत दोन रकाने केले, एक 'दिसलं' आणि दुसरा 'वाटलं'. माझ्या बारा वर्षांच्या चुकीनंतर हे दोन रकाने मला फार गरजेचे वाटले. मुलांचा पहिल्या आठवड्याचा 'वाटलं' रकाना पानभर असायचा आणि 'दिसलं'मध्ये दोन ओळी.

हळूहळू 'दिसलं' वाढलं. आमच्याकडचा हा सोनपाठी सुतार. नर-मादी ओळखणं सोपं. नराचं डोकं कपाळापासून तुऱ्यापर्यंत लाल. मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, लाल फक्त मागचा तुरा. मुलांनी त्यांची नावं ठेवली लालटोपी आणि ठिपकेवाली. दोघांचा गळा काळा आणि शेपटीच्या वरचा भागही काळा. खाणं शोधताना तो झाडाच्या बुंध्याकडून सुरुवात करतो, टुण टुण उड्या मारत खोडाभोवती गिरकी घेत वर जातो आणि मग खाली झेप घेऊन दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि शेपटीची ताठ पिसं खोडाला टेकलेली. तिवईवर बसल्यासारखा. चोचीने दोन ठोके मारून थांबतो, डोकं वाकडं करतो, थोडं सरकतो, परत दोन ठोके. जिथे पोकळ लागतं तिथे साल उचकटतो. एकदा त्याने माडातून बोटाच्या पेराएवढी पांढरी जाड अळी ओढून काढली तेव्हा आंब्याखालच्या दोघांनी 'हालचाल नाही' हा नियम मोडला आणि टाळ्या वाजवल्या.

मुंग्या तो आवडीने खातो. आंब्याच्या खोडावर मुंग्यांची रांग असली की तिथेच दहा मिनिटं. कधी खाली उतरून वारुळाशी. मार्चमध्ये पांगारा फुलला तेव्हा लालटोपी फुलांत चोच घालताना दिसला. मधही चालतो त्याला, हे मला नवीन होतं. त्याची जीभ चोचीच्या बरीच बाहेर येते. तिला आधार देणारी बारीक हाडं घशातून निघून कवटीच्या मागून वळसा घालून डोक्यावरून पुढे येतात. हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवलं, तर एकाने विचारलं, "फिर उसका सर नहीं दुखता?" कवटीत स्पंजसारखं हाड असतं, ते धक्का शोषतं, असं उत्तर माझ्या ओठांवर होतं. या वेळी आधी तपासलं. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी सुतार पक्ष्यांचे अतिवेगवान कॅमेऱ्याने काढलेले चित्रण तपासून दाखवलं की कवटी धक्का शोषत नाही, ती हातोडीसारखी घट्टच राहते. धक्का शोषला असता तर ठोक्याचा जोर वाया गेला असता. मेंदू लहान असल्यामुळे तेवढा मार त्याला सोसतो. म्हणजे बारा वर्षांच्या चुकीत तेरावी भर पडायची थोडक्यात वाचली.

कानाने ओळखायलाही मुलं शिकली. खाणं शोधतानाची ठकठक तुटक असते, मध्ये मध्ये थांबणारी. बीळ कोरतानाचा आवाज जड आणि एकसारखा. आणि तिसरा आवाज वेगळाच, कोरड्या, दणदणीत वाजणाऱ्या फांदीवर एका दमात झरझर वाजवलेला. त्यात ना खाणं आहे ना घर. ही जागा माझी, असं सांगण्यासाठीचं ते वाजवणं आहे. इथे माझ्यातली भाषेची शिक्षिका जागी झाली. अरबीत या पक्ष्याला 'नक्कार अल-खशब' म्हणतात, लाकूड ठोकणारा. त्याच धातूपासून 'नक्कारा' आणि तोच आपल्या मराठीत येऊन झाला नगारा. उर्दूत तो कठफोडा, लाकूड फोडणारा. मराठीने मात्र त्याला कारागीर केलं, सुतार म्हटलं. मला मराठीचं नाव जास्त आवडतं. उर्दूवाल्यांनी रागावू नये.

आता घरट्याकडे येते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

फेब्रुवारीभर दोघांनी आळीपाळीने माडात बीळ कोरलं. नर अर्धा तास, मग मादी. आत गेलेल्याची फक्त शेपटी दिसायची, मग डोकं बाहेर यायचं आणि चोचीतला भुसा हवेत उडायचा. माडाच्या बुंध्याशी भुशाचा ढीग साठला. बीळ चालू आहे की नाही हे वर न बघता ओळखायचं असेल तर खाली बघावं: ताजा भुसा उजळ असतो, जुना काळवंडतो. माडाचं खोड बाहेरून टणक आणि आतून मऊ, मेल्यावर तर आतला भाग आणखी भुसभुशीत. सुताराला यापेक्षा बरी जागा कुठली? तो झाड मारतो असं काही बागायतदार म्हणतात, पण हा माड मेला तेव्हा सुतार आलेलाही नव्हता.

मार्च उजाडला, रमजान सुरू झाला, शाळा सकाळची झाली. आणि एका सकाळी बिळातून डोकं बाहेर आलं ते साळुंकीचं. चार-पाच दिवस आरडाओरडा चालला. लालटोपी बिळाशी यायचा, साळुंक्या दोन, त्या आतून-बाहेरून तुटून पडायच्या. शेवटी सुताराच्या जोडीने ती जागा सोडली. महिनाभराची मेहनत गेली. मुलं इतकी चिडली की दोघे जण दगड घेऊन निघाले होते. त्यांना थांबवलं. साळुंकीलाही घर कोरता येत नाही, तिला पिल्लं वाढवायची आहेत. सुताराने कोरलेली जुनी बिळं पुढे साळुंकी, पोपट, पिंगळा, दयाळ, खार असे किती तरी जीव वापरतात. हुदहुदसुद्धा. पण हे सगळं सांगूनही मला स्वतःलाच ते पटायला जड गेलं, हे कबूल करते.

जोडीने हार मानली नाही. रमजानच्या मधल्या आठवड्यात त्याच माडावर, साळुंक्यांच्या बिळापासून चार हात खाली, पुन्हा ठकठक सुरू झाली. ईदनंतर शाळा भरली तेव्हा नवा भुसा पडायचा बंद झाला होता.

आत काय चाललंय हे सुताराच्या बाबतीत कधीच दिसत नाही. वर चढून बघणं, आरसा घालणं, बॅटरी मारणं हे काही करायचं नाही असं पहिल्या दिवशीच ठरलं होतं. अशाने पक्षी घरटं सोडू शकतात. बाहेरून दिसतं त्यावरूनच आतलं ओळखायचं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोघांपैकी एक तासन्‌तास आत असायचा. दुसरा येऊन खोडावर हळू आवाज करायचा, आतला निघून जायचा, बाहेरचा आत शिरायचा. पाळी बदलायची. 'वाटलं' रकान्यात मुलांनी लिहिलं: अंडी असावीत. २० एप्रिलपासून ये-जा एकदम वाढली, आणि आलेला पक्षी आत थांबेना, लगेच बाहेर. 'वाटलं': पिल्लं झाली. या वेळी 'वाटलं' रकान्यातली एक ओळ 'दिसलं'च्या दहा ओळींवर उभी होती.

त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. विषयपत्रिकेवर होतं: मागचा वाळका माड निकालानंतर २ मेला तोडणे. माड मुलींच्या स्वच्छतागृहापासून पंधरा हातांवर. पाऊस सुरू व्हायच्या आत तो पडायलाच हवा होता, त्यात मलाही शंका नव्हती. पाडेलीला तोच दिवस मोकळा होता. पुढे आंबा काढायची घाई, मग माणूस मिळणं कठीण.

मी दोन-तीन आठवडे मागितले. एक सदस्य म्हणाले, "टीचर, उद्या मुलाच्या डोक्यावर आला तर कोण जबाबदार? पक्षी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात अध्यक्ष चाचा, जे तीस वर्षं जहाजावर काढून आता गावात असतात, म्हणाले, "थांबा, थांबा. तो हुदहुद आहे ना? माझा नातू सांगत होता. हुदहुदला तर हात लावता येणार नाही." चाचांना हदीस माहीत होती. चार जिवांना मारायची मनाई आलेली आहे, मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद नावाचा पक्षी. सगळे गप्प झाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगते, एका 'जी' वर काम झालं असतं. माझ्या मनात आलंही की चाचांच्या नातवाला हुदहुद मीच शिकवला, आता निदान त्या चुकीचा पिल्लांना तरी उपयोग होऊ दे. दाराबाहेर ती सातवीतली मुलगी वही घेऊन उभी होती, तिला मी तारखा दाखवायला बोलावलं होतं. पण ती नसती तरी, मी स्वतःला विचारते, मी काय केलं असतं? माहीत नाही.

मी म्हटलं, "नाही चाचा. तो हुदहुद नाही, सुतार आहे. मी मुलांना चुकीचं शिकवलं होतं."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे माझा नातू घरी जे सांगतो ते..."

"ते माझंच शिकवणं. पुढच्या आठवड्यात त्याच्या वर्गालाही दुरुस्त करून सांगते."

एकाला हसू आलं. मला कान गरम झाल्यासारखं वाटलं. मग मी मुलीला आत बोलावलं आणि तिने वही उघडून दाखवली. २० एप्रिलपासून भरवणं चालू आहे, सुताराची पिल्लं साधारण वीस दिवसांत बाहेर पडतात, म्हणजे १० मेच्या आसपास. २ मेपासून सुट्टी, शाळेत मूलच नाही. तोपर्यंत दोरी बांधून ती बाजू बंद ठेवायची, मुलींनी पुढच्या अंगणातून जायचं. हे तिने एका दमात सांगितलं आणि मराठीत सांगितलं, याचं मला जास्त कौतुक वाटलं. शंका काढणारे सदस्य म्हणाले, "आणि वळवाचा वारा सुटला तर?" तो प्रश्न तसाच राहिला.

चाचा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की सफरीत असताना कुणीतरी एका पाखराची पिल्लं उचलली आणि ते पाखरू फडफडत आलं, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी पिल्लं परत करायला सांगितली होती. ते पाखरू हुदहुद नव्हतं. "पाडेलीशी मी बोलतो," ते म्हणाले. पाडेलीने १७ मे दिला आणि दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे सांगितले. वरचे पैसे कुणी दिले हे मी विचारलं नाही.

सुट्टीत ती मुलगी आणि मी रोज असरनंतर आंब्याखाली बसायचो. ६ मेला बिळाच्या तोंडाशी दोन डोकी दिसली. आता आई-बाप आत न जाता बाहेरूनच भरवू लागले. पिल्लांचा आवाज अंगणापर्यंत यायचा. १२ मेला सकाळी एक पिल्लू तोंडाशी येऊन बराच वेळ बसलं, परत आत गेलं, परत आलं, आणि मग सरळ आंब्यावर झेपावलं, धड उडणंही नाही आणि पडणंही नाही. दुसरं आम्ही बाहेर पडताना पाहिलं नाही. १४ तारखेला बीळ शांत होतं, कुणी भरवायला येत नव्हतं. मुलीने 'वाटलं' रकान्यात लिहिलं: दुसरं पण गेलं असावं. मी तिला तो शब्द बदलायला सांगितलं नाही.

साळुंक्यांची पिल्लं तर त्याआधीच उडून गेली होती.

१७ तारखेला पाडेलीने माड वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवला, दोर लावून. चारच दिवसांत पाऊस लागला. त्या वर्षी मान्सूनच मे महिन्यात कोकणात येऊन धडकला होता. वरचं, साळुंक्यांनी बळकावलेलं बीळ आम्ही जून महिन्यात वर्गात उभं चिरून पाहिलं. त्यात साळुंक्यांनी गवत, चिंध्या, एक चॉकलेटचा कागद आणि सापाच्या कातेचा तुकडा भरला होता. ते सगळं काढल्यावर खाली सुताराचं मूळ काम दिसलं: तोंड मुठीएवढं, सरळ आत गेलेलं, मग खाली वळून फूटभरापेक्षा जास्त खोल, बाजू रंधा मारल्यासारख्या. तळाशी थोडा लाकडाचा भुसा, बस. सुतार स्वतःच्या अंड्यांना यापेक्षा जास्त अंथरूण घालत नाही.

खालचं बीळ असलेला ओंडका न फोडता आंब्याच्या फांदीला तारेने बांधला. मुलांची फार इच्छा होती की हिवाळ्यात हुदहुद येऊन त्यात राहावा. डिसेंबरात एक हुदहुद खरंच मैदानात उतरला, तीन दिवस गवतात चालला, ओंडक्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सध्या तिथे खार आहे. तिने काथ्या कोंबून तोंड निम्मं बुजवलं आहे, आणि सातवीच्या नव्या मुलांनी वहीत आज नोंद केली आहे: ८ वाजून २० मिनिटं, खार आत गेली, तोंडात काहीतरी होतं, काय ते दिसलं नाही.